आंबिवलीचा पत्ता

डोंबिवली पूर्व,
१४ जानेवारी २०२४

तुला काय म्हणून हाक मारू ते कळत नाही, म्हणून वरची जागा मोकळी ठेवली आहे.

मी दर्शना. तुझी धाकटी बहीण.

आई गेली. चार तारखेला सकाळी साडेनऊला, हॉस्पिटलमध्ये. दोन वर्षं डायलिसिसवर होती. शेवटच्या आठवड्यात तिनं उशीखालून एक पावती काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "ठाण्याला चरईत थेल्मा टेलर्स आहे. माझा ब्लाउज राहिलाय तिथे. तूच जा, आणि कोण देतं ते नीट बघ."

मी गेले. काउंटरवर तू बसला होतास. नाही, बसली होतीस. मोरपंखी पंजाबी ड्रेस, चष्मा, गळ्यात टेप. काजं करत होतीस. उजव्या भुवईवरची खूण दिसली. झोपाळ्यावरून मीच ढकललं होतं तुला. तू मान वर करून "बोला मॅडम" म्हणालीस. मला ओळखलं नाहीस. मी पावती न दाखवताच बाहेर पडले आणि तलावपाळीवर जाऊन बसले.

अकरा वर्षं मी समजत होते की माझा भाऊ नदीत बुडून गेला. अप्पांनी प्रेत ओळखलं होतं. दहावा, तेरावा सगळं झालं. आई मात्र दर वर्षी ठाण्याला जाऊन एक ब्लाउज शिवून आणायची. मी तिला हसायचे, डोंबिवलीत काय शिंपी नाहीत का म्हणून.

मला उत्तर लिहिशील का? घरी नको. सुशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यातलं काही माहीत नाही. मी शाळेत शिकवते. तिथला पत्ता मागे लिहिला आहे.

दर्शना

* * *

चरई, ठाणे,
२७ जानेवारी २०२४

दर्शना,

आई गेल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. ती डिसेंबरात ब्लाउज न्यायला आली नाही तेव्हाच वाटलेलं. दुकानात आम्ही मापाशिवाय काही बोलायचो नाही. पहिल्या वर्षी, माझा निरोप मिळून आली तेव्हा, ती नुसती रडली, तेवढंच.

माझं नाव संचिता. पुढचं पत्र लिहिताना मला आधी पुरुष करून मग खोडू नकोस. आणि फोन नंबर मागू नकोस. आवाज ऐकलास की तुला सर्वेश आठवेल. शिवाय कागदावर लिहिलेलं नंतर नाही म्हणता येत नाही.

तुला काय सांगितलं गेलं ते मला ठाऊक नाही, तर जे झालं ते सांगते. एकोणीस वर्षांची होते. अप्पांनी माझ्या पेटीत सापडलेले मुलीचे कपडे गच्चीवर नेऊन जाळले, त्याच दिवशी मी घर सोडलं. कॉलेजमधल्या रॉड्नीनं आंबिवलीला खोली घेतलेली, नोकरीच्या जवळ म्हणून. दुसरा मजला, बाहेर गॅलरी. त्यानं मला ठेवून घेतलं. संचिता म्हणून हाक मारणारा तो पहिला माणूस. अकरा आठवडे मी माणसासारखी जगले.

तेवीस जून २०१२, शनिवार, दुपार. अप्पा आले, बरोबर दोन माणसं. रॉड्नी दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "अंकल, ती येणार नाही." मला आत त्या दोघांनी माझ्याच ओढणीनं बांधलं, डोळ्यांवर फडकं टाकलं. बाहेर झटापट ऐकू आली, मग खालून आवाज आला, पोतं पडल्यासारखा. दारूच्या नशेत तोल गेला, अशी नोंद झाली. रॉड्नी दारू पीत नव्हता.

मला गाडीत घालून शीळफाट्याच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. सुधारगृह म्हणायचे त्याला. सात महिने. काय काय केलं ते लिहीत नाही. जानेवारीत एका सकाळी दाराला कुलूप नव्हतं. मी चालत चरईला आले, रॉड्नीच्या आईला सांगायला की तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. थेल्मा आँटीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पोरी, आधी जेव."

अकरा वर्षं मी तिच्याकडे लग्नाचे गाऊन शिवते आणि एकच विचार करते, ज्यांनी हे केलं त्यांना सोडायचं नाही. आईचं नाव पुढे यायला नको म्हणून आजवर थांबलेले. आता ती नाही.

आंबिवलीचा पत्ता दोघांनाच माहीत होता, आईला आणि पोपटमामाला. आईनं माझ्यासाठी दिलेलं सामान मामा घेऊन आलेला. आईनं जीव गेला असता तरी सांगितलं नसतं. गाडीही मामाचीच होती, सीटच्या वासावरून ओळखली. पण अप्पांनी ती मागूनही नेली असेल. तू तेव्हा घरात होतीस. पत्ता कुणी दिला?

एवढंच कळव.

संचिता

* * *

डोंबिवली,
८ फेब्रुवारी २०२४

प्रिय संचिताताई,

तुझं पत्र शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं. पुढच्या तासाला फळ्यावर काय लिहीत होते ते मलाच कळत नव्हतं. तुला शेडमध्ये ठेवलेलं मला माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. अप्पा म्हणाले होते, पुण्याला डॉक्टरकडे ठेवलंय.

अप्पा आता बहात्तर वर्षांचे आहेत. एकटेच राहतात, मी रोज डबा देते. त्यांनी तुझ्या नावानं दहावीच्या मुलांना पारितोषिक ठेवलं आहे, कै. सर्वेश स्मृती म्हणून. दर जूनमध्ये हॉल घेतात. सूत्रसंचालन मीच करते. यंदा नऊ तारखेला आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवत नाही.

तू विचारलंस त्याबद्दल. इतक्या वर्षांनी उकरून काय मिळणार आहे? माझी बहीण मला परत मिळाली, एवढ्यावर थांबता येणार नाही का?

तरी तू विचारतेसच, तर मामाच असणार. त्या दिवशी सकाळी अप्पा त्याच्या घरी जाऊन दार लावून बोलले होते. मी ऐकलं नाही, पण दुसरं कोण सांगणार?

त्याला काही करू नकोस. तो आता मुलांची शाळेची व्हॅन चालवतो. बायको केव्हाच गेली, त्याला कुणी नाही.

दर्शना

* * *

ठाणे,
१५ फेब्रुवारी २०२४

दर्शना,

मिळालं. जे हवं होतं तेवढं मिळालं.

मुलांची व्हॅन. बरं.

संचिता

* * *

डोंबिवली,
१९ मार्च २०२४

संचिताताई,

तू काय केलंस?

काल मानपाड्याला शाळेच्या गेटवर कुणीतरी पालकांना छापील कागद वाटले. प्रत्येक आईच्या हातात एक. वर मामाचा फोटो. खाली लिहिलेलं की या माणसानं एका बांधलेल्या मुलीला आपल्या गाडीतून कोंडून ठेवायला नेलं, तुमची मुलं रोज याच्याच गाडीत बसतात. मामा व्हॅन घेऊन आला तेव्हा पन्नासएक माणसं जमलेली होती. एकानं विचारलं, "हे खरं का?" मामा खोटं बोलला नाही. "हो, नेलं," म्हणाला. मग कुणी काय ऐकतंय. त्याला खाली ओढलं, व्हॅनच्या काचा फोडल्या. तो गटाराच्या कठड्यावर पडला. खुब्याचं हाड मोडलं आहे. एकसष्ट वर्षांचा आहे तो.

मी हॉस्पिटलमधूनच लिहिते आहे. तो कुणाचंही नाव घेत नाही. तुझंही नाही. कागदावरचा मजकूर बघून त्याला कळलं असणार.

आता पुरे कर. हात जोडते.

दर्शना

* * *

ठाणे,
२५ मार्च २०२४

दर्शना,

कागदावर एकही खोटा शब्द नव्हता. कागद मीच वाटले, तोंडाला ओढणी बांधून. हाड मोडायला मी सांगितलं नव्हतं, पण मोडलं हे वाचून वाईटही वाटलं नाही. त्या दिवशी आँटीबरोबर जेवले आणि शांत झोपले.

शेडमध्ये माझी दोन बोटं मोडलेली. अजून सुई नीट धरता येत नाही. तेव्हा कुणी हात जोडले नव्हते.

राहिले अप्पा. नऊ जूनच्या कार्यक्रमाची पत्रिका पाठव.

संचिता

* * *

[पाकिटावर नाव नाही. वहीचं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं.]

डोंबिवली,
२० एप्रिल

चि. संचिता हिस,

पोपटमामाचा आशीर्वाद. तुझं हे नाव मला ताईनं, तुझ्या आईनं सांगितलेलं. मला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. नर्सबाईंकडून पेन मागून लिहितो.

तू लिहिलेलं ते खरं आहे. गाडी मी चालवलेली. श्रीपादराव, तुझे अप्पा, सकाळी माझ्या घरी आलेले, दार लावलं आणि म्हणाले, आंबिवलीला पोराला आणायला जायचंय, नाही आलास तर तुझी बहीण उद्या तुझ्या दारात असेल. ताईला तुझ्यापायी आधीच दोनदा घराबाहेर काढलेलं. मी गेलो. वाटलं, घरीच आणतायत.

मी खाली गाडीत बसलेलो. वर बघितलं तर तो पोरगा कठड्याला पाठ लावून उभा, आणि श्रीपादरावांनी दोन्ही हातांनी त्याची छाती ढकलली. माझ्या डोळ्यांदेखत पडला. तेव्हाच उतरून ओरडलो असतो तर मी माणूस. नाही ओरडलो. गाडी शीळफाट्याला घेतली.

त्या शेडवर मी दर महिन्याला धान्य पोचवायला जायचो. ते काम मुद्दाम मागून घेतलेलं. सातव्या महिन्यात पहारेकऱ्याला बाजूला नेऊन पाजली, पहाटे कुलूप काढलं आणि निघून आलो. तुला हाक मारायची हिंमत झाली नाही. कोणत्या तोंडानं मारू?

पुढच्या महिन्यात नदीत कुणाचं तरी प्रेत मिळालं. श्रीपादरावांनी ते आपलं म्हणून जाळलं. तू सापडेनास, लोक विचारायला लागलेले. मी तेव्हाही गप्प. ताई त्या घरात होती.

आता ताई नाही. मी पोलिसांत जबाब देणार आहे. वाचवायचं कोणी उरलं नाही, मलाही वाचायचं नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या मनातून काढ. पत्ता मी दिलेला नाही. श्रीपादराव माझ्याकडे आले ते पत्ता घेऊनच आलेले. कुणी दिला ते मला ताईकडून नंतर कळलं, पण सांगणार नाही. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, तिला काय कळणार.

माझा तुझ्यावर राग नाही. पाय बरा झाला तर येऊन भेटेन.

मामा

* * *

ठाणे,
२४ एप्रिल २०२४

दर्शना,

मामाचं पत्र आलं. कुणाचं नाव घेणार नाही म्हणाला, आणि पुढच्याच वाक्यात "ती" लिहून गेला. पंधरा वर्षांची ती.

मी काल हॉस्पिटलमध्ये गेलेले. त्याच्या पायाशी बसले. त्यानं माझी बोटं हातात घेऊन बघितली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्यानं माझं कुलूप काढलं त्याला मी रस्त्यावर मारायला लावलं. ते पाप माझं आहे, ते मी कुणाला देत नाही. पण मला त्या गेटपर्यंत तू चालवत नेलंस. फेब्रुवारीत. सत्तावीस वर्षांची असताना.

पंधराव्या वर्षाचं मला आधी सांग. खोटं लिहायचं असेल तर लिहूच नकोस.

संचिता

* * *

डोंबिवली,
२ मे २०२४

ताई,

मीच दिला.

तू गेल्यावर अप्पांनी मला घरात बसवलं. म्हणाले, एक गेला तेवढं पुरे, दुसरीला बाहेर सोडणार नाही. दहावीचा निकाल लागला. ब्याऐंशी टक्के. वर्गातल्या सगळ्या मुली अकरावीचे फॉर्म भरत होत्या आणि मी खिडकीतून त्यांना जाताना बघत होते. अप्पा गावाला मावशीकडे पत्र लिहायला बसले, माझ्यासाठी स्थळ बघा म्हणून. मी पंधरा वर्षांची होते.

तुझा पत्ता आईनं तांदळाच्या डब्यात ठेवलेला. मी तांदूळ निवडायला घेतले तेव्हा मिळाला. तीन दिवस स्वतःजवळ ठेवला. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी अप्पांसमोर फॉर्म ठेवला आणि त्यावर ती चिठ्ठी ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि फॉर्मवर सही केली.

मला वाटलेलं ते तुला ओरडतील, घरी आणतील. हे खरं आहे. पण त्याच आठवड्यात आंबिवलीला एक मुलगा पडून मेला हे मला कळलेलं, हेही खरं आहे. एका संध्याकाळी अप्पा आईला म्हणाले, "मी ढकललं नसतं तर त्यानं मला ढकललं असतं." मी दाराआड होते. दुसऱ्या दिवशी माझं कॉलेज सुरू होणार होतं. मी नवीन दप्तर भरलं.

मी शिकले, बी.एड. केलं, नोकरी लागली. सगळं त्या सहीवर. तू विचारलंस तेव्हा मामाचं नाव लिहिलं, कारण तू जिवंत असल्याचं कळून महिनाही झाला नव्हता आणि तू मला सोडून जाशील अशी भीती वाटली. मामाला काही झालं तर तो बोलणार नाही हेही मनात होतं. तेही लिहून टाकते.

तू सांगशील ते करीन.

दर्शना

* * *

ठाणे,
६ मे २०२४

दर्शना,

मग ऐक.

तू जे मला लिहिलंस ते सगळं, दाराआडून ऐकलेल्या वाक्यासकट, मामाबरोबर जाऊन पोलिसांत लिहून द्यायचं. कार्यक्रमाच्या आधी.

आणि नऊ तारखेला माईक तुझ्याच हातात असेल. अप्पांच्या तोंडावर, सगळ्यांसमोर सांगायचं. पंधरा वर्षांच्या मुलीनं काय केलं तेही. ते गाळलंस तर मी उठून सांगेन, आणि माझं सांगणं तुझ्यासारखं शुद्ध मराठीत नसेल.

मी शेवटच्या रांगेत असेन.

संचिता

* * *

डोंबिवली,
१३ जून २०२४

ताई,

स्टेजवरच्या लाइटमुळे मला मागचं काही दिसत नव्हतं. तू आली होतीस की नाही ते अजून माहीत नाही. तरी झालं ते लिहिते.

जबाब सात तारखेला दिला. मामाला व्हीलचेअरवरून नेलं. त्या साहेबांनी चार तास लिहून घेतलं.

नऊ तारखेला हॉल भरलेला होता. तुझ्या फोटोला हार घातला होता. दीपप्रज्वलन झालं, अप्पा मधल्या खुर्चीत बसले. पहिल्या मुलीचं नाव पुकारायच्या ऐवजी मी म्हणाले, "ज्याच्या नावानं हे बक्षीस आहे तो मेलेला नाही. ती ठाण्याला राहते, तिचं नाव संचिता आहे." लोकांना वाटलं माझं काही बिघडलं. अप्पा हसून म्हणाले, "आई गेल्यापासून तिची तब्येत बरी नाही." त्यांनी हात पुढे केला, माईक घ्यायला. मी दिला नाही. रॉड्नीचं नाव घेतलं. तारीख सांगितली. मग फॉर्मचं सांगितलं. ते सांगताना मात्र वाक्य दोनदा पहिल्यापासून म्हणावं लागलं. समोर बक्षीस घ्यायला आलेल्या मुली बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. म्हणजे माझ्या तेव्हाच्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्या दिल्या नाहीत. लोक एकेक करून उठून गेले. खुर्च्यांचा आवाज तेवढा होता. अप्पा खुर्चीतून हलले नाहीत. मी जवळून गेले तेव्हा तेच हळूच म्हणाले, "सही परत दे."

सुशांतनं त्याच दिवशी माझं सामान जिन्यात आणून ठेवलं. म्हणाला, जी सख्ख्या बापाला विकते ती मला कधी विकेल सांगता येत नाही. शाळेनं महिनाभर येऊ नका म्हणून कळवलं आहे. मी सध्या शिवानी नावाच्या शिक्षिकेकडे आहे, पण तिच्या घरात आधीच पाच माणसं.

तू सांगितलेलं सगळं केलं. आता कुठे जाऊ ते मला माहीत नाही. हक्कानं विचारत नाही.

दर्शना

* * *

चरई, ठाणे,
३० जून २०२४

दर्शना,

मी आलेले. आँटीही होती. तू फॉर्मचं सांगेपर्यंत थांबलो आणि निघालो.

अठरा तारखेला मला पोलिसांनी बोलावलं. अप्पा समोर बसलेले. बारा वर्षांनी बघितले. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. साहेबांनी विचारलं, "यांना ओळखता?" अप्पा म्हणाले, "नाही. माझा मुलगा वारला." साहेब म्हणाले, "मग तपासणीला रक्त द्यायला हरकत नसेल तुमची." अप्पांनी शर्टाची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "ओळखतो."

"कोण लागते तुमची?"

साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "मुलगी," इतक्या हळू की लिहिणाऱ्या शिपायाला परत विचारावं लागलं. परत सांगायला लावलं. खाली सही केली.

मग साहेब म्हणाले, "मग २०१३ ला जाळलंत ते कोणाला?" अप्पांना अटक झाली आहे. त्या प्रेताच्या अंगावरच्या कपड्यांची नोंद जुन्या फायलीत आहे म्हणतात. कुणीतरी आई अजून वाट बघत असेल. साहेबांनी जुन्या बेपत्ता लोकांच्या याद्या काढायला लावल्यात.

मला वाटलेलं त्या खोलीतून बाहेर पडताना छाती हलकी होईल. थोडी झाली. पुष्कळ नाही. मामाचा पाय आता सरळ व्हायचा नाही, तोही माझ्या नावावर आहे.

आता तुझं. तुझं दोन मेचं पत्र मी आँटीला तेव्हाच वाचून दाखवलेलं, शब्द न गाळता. ती गाऊनला मणी लावत होती. ऐकून झाल्यावर मणी डबीत भरले आणि आत गेली. परवा तुझं हे पत्र वाचून दाखवलं, जायला जागा नाही ते. तेव्हा बोलली.

म्हणाली, "तिला इथे आण."

मी म्हटलं, "आँटी, मी तिला माफ केलेलं नाही."

"मी कुठे केलंय?" म्हणाली. "पण तिनं मला रोज बघावं. सकाळी चहा देताना, संध्याकाळी दार लावताना. पोलीस एवढं नाही करू शकत."

मी तुला बहीण म्हणून बोलवत नाही. आँटी बोलवते आहे, आणि या घरात तिचं चालतं. यायचं असेल तर रविवारी चर्च सुटल्यावर ये. कपडे थोडेच आण, जागा लहान आहे. मी हॉलमध्ये झोपते. अकरा वर्षं तिथेच झोपले, आतल्या खोलीत झोपायची माझी कधी हिंमत झाली नाही. आँटीनं काल ती खोली झाडून घेतली, चादर बदलली.

तू तिथे झोपायचं आहेस. रॉड्नीच्या कॉटवर.

संचिता